सहा सेलचा जिल्हा

लाइट आली की खान्देशातला माणूस आधी विहिरीवरची मोटार सुरू करतो आणि मग घरात जे जे भिंतीला लावता येईल ते सगळं लावतो. मोबाइल, पाठीवरचा फवारणी पंप, इन्व्हर्टर, पोराचं दाढीचं मशीन. एखादी वस्तू चार्जिंगची आहे की नाही अशी शंका आली तर तीही लावून बघतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्यानं रात्री दोनला उठून, हातात काठी घेऊन, ऊस ओलांडताना बिबट्याची आठवण दाबत मोटार लावली आहे, त्याला ‘पुरे, आता भरली’ हे वाक्य शिकवायला जाऊ नये. मिळते आहे तोवर घ्यायची आणि मिळेल तेवढी घ्यायची, हा त्याचा विजेपुरता धर्म आहे आणि अनुभवानं तो खरा ठरलेला आहे.

अशा धर्मशील नंदुरबार जिल्ह्यात लिथियम पॉलिमर बॅटरी आली. तिचा धर्मच उलटा. मला काठोकाठच्या वर भरू नका. तळापर्यंत रिकामी करू नका. उन्हात ठेवू नका. उडून आल्याबरोबर गरम अंगानं चार्जिंगला लावू नका. चार्ज होताना एकटी सोडू नका. काम नसेल तर अर्धवट भरून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझ्या पोटात सहा सेल आहेत, त्यांची विचारपूस एकत्र करू नका, प्रत्येकाची वेगळी करा.

ही बॅटरी आपल्या पायांनी आली नाही, ड्रोनबरोबर आली. केंद्र सरकारनं २०२३ च्या अखेरीस ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. १,२६१ कोटी रुपये, १५,००० महिला बचत गट, ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के पण जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. शहादा तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका घरची सून अशीच प्रशिक्षणाला गेली आणि परत आली ती गावाची ‘ड्रोनताई’ होऊनच. पपई, केळी, ऊस, कापूस, मिरची असा हा पट्टा. वाढलेल्या उसात फवारायला माणूस आत शिरला तर त्याचा आवाजच तेवढा बाहेर येतो. त्यामुळे वरून औषध मारणाऱ्या यंत्राचं गावानं मनापासून स्वागत केलं. नारळ फुटला, सरपंचांचं भाषण झालं, सगळ्यांनी ड्रोनबरोबर फोटो काढले. बॅटरीबरोबर कोणीही काढला नाही.

खरं तर फोटो तिचाच काढायला हवा होता. कारण आठवडाभरात घराच्या लक्षात आलं, की हा धंदा फवारणीचा नसून चार्जिंगचा आहे. टाकी भरलेला ड्रोन दहा-पंधरा मिनिटं उडतो. एवढ्यात बॅटरीचा दम संपतो आणि तो भरून यायला तासभर लागतो. म्हणून बॅटऱ्यांचे चार-पाच सेट, पिकअपमध्ये जनरेटर, त्यावर चार्जर, आणि या सगळ्याची राखण करायला ताई. आकाशात जे काही घडतं ते दहा मिनिटांचं. उरलेला दिवस जमिनीवर, एका पांढऱ्या प्लगकडे बघण्यात जातो.

आता या प्लगचं महत्त्व. ड्रोनचा एक साधारण पॅक म्हणजे सहा सेल, एकामागे एक जोडलेले. प्रत्येकाचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, म्हणून अंगावर २२.२ लिहिलेलं असतं. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे एकूण २५.२. अशा दोन पॅकची जोडी ड्रोनला लागते. २२,००० मिलिअँपिअर-अवरच्या एका पॅकमध्ये जवळजवळ ४९० वॅट-तास वीज मावते. एवढ्या विजेत पंचवीसेक मोबाइल सहज भरतील. पॅकमधून दोन जाड तारा निघतात, त्यांतून वीज जाते-येते. आणि एक बारीक तारांचा पांढरा प्लग निघतो. त्यात सहा सेलांसाठी सात तारा असतात. जाड तारांचं काम कोणालाही समजतं. पांढऱ्या प्लगचं काम गावाला समजेना. पलीकडच्या गावात एका हुशार मिस्त्रीनं ‘ह्याला काही कामच नाही, उगीच अडकतो’ म्हणून तो कापूनच टाकला, असं ताई सांगते, आणि सांगताना अजूनही तिचा आवाज बदलतो.

या प्लगला काय काम असतं ते समजून घ्यायला आपल्याकडच्या लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. सेल एका ओळीत जोडलेले असल्यामुळे सगळ्यांतून वीज एकसारखीच वाहते, म्हणजे वाढपी प्रत्येक पानावर मोजून तेवढंच वाढणार, याला कमी त्याला जास्त असं त्याला करताच येत नाही. पण बसलेले सहा जण एकाच घरचे असले तरी पोटं एकसारखी नसतात. एकाचं पोट जरा लहान, एक येतानाच पोहे खाऊन आलेला, आणि मधल्याला दोन्हीकडून दाटी झाल्यामुळे उकडतंय. लहान पोटाचा आधी भरतो आणि पानावर दोन्ही हात आडवे धरतो. वाढपी मात्र पाहुण्याकडे बघत नाही, पातेल्याकडे बघतो, कारण त्याला यजमानांनी सांगितलेलं असतं की एवढ्या बट्ट्या या ओळीत संपल्या पाहिजेत. पांढरा प्लग म्हणजे प्रत्येक पानामागे उभा केलेला एकेक माणूस. ‘तिसऱ्याचं झालं’ असं त्यानं ओरडून सांगितलं, की तिसऱ्याच्या पानातलं थोडं बाजूला काढलं जातं, वाढणं हळू होतं, आणि मागे राहिलेल्यांना गाठायला सवड मिळते. साध्या चार्जरमध्ये हे बाजूला काढलेलं एका छोट्या रोधातून उष्णता होऊन उडून जातं. अन्न वाया जातं खरं, पण पाहुणा वाचतो.

हा माणूस पानामागे नसेल तर काय होतं, ते साध्या बेरजेत दिसतं. पाच सेल ४.१६ वर आहेत आणि सहावा ४.४० वर गेला आहे. बेरीज करा. बरोबर २५.२०. जाड तारांतून बघणाऱ्या चार्जरला पॅक आदर्श भरलेला दिसतो, मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण द्यावेत असा. आणि आत सहावा सेल मरणाच्या दारात उभा आहे. ४.२ च्या पुढे गेलं, की लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता धातू होऊन साचायला लागतं, आतला द्रव फुटून त्याचा वायू होतो, आणि पॉलिमर सेलला पत्र्याचा डबा नसून मऊ पाकीट असल्यामुळे ते फुगतं. त्याही पुढे गेलं तर आतली उष्णताच आणखी उष्णता तयार करते. मग चार्जरची वायर ओढून काही उपयोग नसतो. जे सुरू झालंय ते त्याचं त्यालाच संपवायचं असतं, आणि ते आगीनं संपतं.

ही बेरीज घरात सगळ्यांना पटली, आबा सोडून. आबा म्हणजे ताईचे सासरे. त्यांची हयात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर गेलेली.

“रातभर लाई दे. सकाये भरेल भेटी,” आबा म्हणाले.

“आबा, ही ट्रॅक्टरची नाही.”

“मंग? हाई बी बॅटरीच शे ना?”

आबांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. ट्रॅक्टरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतही सहाच सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या आसपास. तिला रात्रभर लावली तर जे सेल आधी भरतात ते बुडबुडे सोडत बसतात. जादा वीज त्यांच्यातलं पाणी उकलण्यात खर्च होते, तोवर मागचे सेल भरून घेतात. सकाळी बूच उघडून डिस्टिल्ड वॉटर घातलं की झालं. म्हणजे तिथे जास्त चार्ज करणं हाच बॅलन्स करण्याचा मार्ग आहे. जुन्या बॅटरीनं तीन पिढ्यांना शिकवलं, की चार घास जास्त गेले तरी पचतात. लिथियमला पचवायची सोय नाही. तिला ना बूच, ना पाणी, ना बुडबुडे सोडायची मुभा. आबांचं ज्ञान पक्कं होतं, फक्त ज्या बॅटरीचं होतं ती बॅटरी अंगणात गंजत पडली होती.

घरातल्या आजींचा आक्षेप वेगळा होता आणि जास्त अवघड होता. एका सकाळी सगळे सेट भरून तयार असताना वारा सुटला. वाऱ्यात फवारणी करता येत नाही, औषध आपल्या कपाशीऐवजी शेजाऱ्याच्या गाईवर पडतं. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी ताईनं सगळे पॅक चार्जरला लावले आणि एक बटण दाबलं. पंखा घोंघावू लागला, आकडे उतरू लागले.

“काय करी ऱ्हायनी?” आजींनी विचारलं.

“खाली करतेय, आजी. भरलेली ठेवली तर खराब होते. ३.८ वर ठेवायची.”

“भरेल बॅटरी खाली करी ऱ्हायनी? आन् बिल कोन भरी?”

ताईनं समजावलं. पूर्ण भरलेला सेल तसाच ठेवला तर झिजतो आणि फुगतो, पूर्ण रिकामा ठेवला तर मरतो, म्हणून काम नसताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की ही उतरवलेली लाइट बोर्डाला परत जाते का. नाही, ती गरम हवा होऊन पंख्यातून बाहेर जाते. आजी उठल्या, पापडाचं ताट आणलं आणि त्या पंख्यापुढे ठेवलं. पैसे दिलेली उष्णता फुकट जाऊ द्यायची नाही, एवढं तरी त्यांच्या हातात होतं.

यानंतरचा प्रश्न जागेचा. नोव्हेंबर-डिसेंबरात या भागातल्या घराची पुढची खोली कापसाची असते. भाव येईपर्यंत कापूस आढ्याला टेकतो आणि माणसं ओट्यावर झोपतात. आणि घरातला चांगला, जाड वायरिंगचा एकमेव प्लग असतो तो नेमका त्याच खोलीत, कारण घर बांधताना तिथे फ्रिज येणार होता. या कापसाला टेकून बॅटरी चार्जिंगला लावण्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, आणि इतकी वाईटही नाही. नंदुरबार शहरात तर दुसरीच गंमत. तिथे हिवाळ्यात लाल मिरचीच्या पथाऱ्या दूरवर पसरलेल्या असतात. तिथे एखादा पॅक पेटलाच तर बंब यायच्या आधी अर्ध्या शहराला ठसका लागेल. मात्र मिरचीच्या धुराची सवय असलेल्यांनीही या धुराजवळ जाऊ नये. लिथियम बॅटरीच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, आणि ते शिंक देऊन सोडत नाहीत.

म्हणून ताईनं गोठ्याच्या पलीकडे, मोकळ्या सावलीत सिमेंटचा एक ओटा पकडला आणि त्यामागच्या भिंतीवर मार्करनं कायदे लिहून काढले. चारा, कापूस, पेट्रोल दहा पावलं लांब. पॅक हाताला गार लागल्याशिवाय लावायचा नाही. चार्जरवर आधी बॅटरीची जात आणि सेलची संख्या बघायची, मग बटण. जाड तारा आणि पांढरा प्लग दोन्ही लागल्याशिवाय सुरू करायचं नाही. कंपनीनं सांगितलं त्यापेक्षा जास्त अँपिअर लावायचे नाहीत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. फुगलेल्या पॅकला दुसरी संधी नाही. शेजारी वाळूची बादली. आणि शेवटचा कायदा, जो गावाला सगळ्यात विचित्र वाटला : चार्जिंग चालू असताना माणूस हजर पाहिजे.

या शेवटच्या कायद्यानं ताईची पंचाईत केली. आपल्याकडे बाई नुसती बसलेली दिसली की कोणाला तरी तिला काम सुचतंच. शेजारीण कुंपणावरून डोकावली.

“काय करतेस गं?”

“बॅटरीकडे बघतेय.”

“काय होतंय तिला?”

“काही नाही.”

“मग?”

“काही होत नाहीये ना, तेच बघतेय.”

शेजारीण थोडा वेळ थांबली, तिनंही बघितलं, काहीच झालं नाही, आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती शेंगा सोलायला तिथेच येऊन बसू लागली. चार्जिंगच्या ओट्यावर आता चांगली चार-सहा जणींची बैठक असते. बॅटरीवर एवढ्या डोळ्यांचा पहारा कोणत्याही कारखान्यात नसेल.

सगळ्यात कठीण असतात ती चार्जिंगची शेवटची मिनिटं. पहिले नव्वद टक्के भराभर जातात. मग वीज हळूहळू कमी होते, मागच्या सेलची वाट बघणं सुरू होतं, आणि पडद्यावर ९८, ९९, ९९, ९९ असा आकडा ठाण मांडून बसतो. समोर गिऱ्हाईक उभं. त्याचं ऊन चढतंय, वारा सुटायच्या आत त्याला फवारणी उरकायची आहे. “झालं की ताई, एक टक्क्यानं काय होतंय?” चार्जरमध्ये बॅलन्स न करता भरायचाही पर्याय असतो. त्यात हे लटकलेले ९९ दिसत नाहीत. पडदा लगेच ‘फुल्ल’ म्हणतो आणि सगळे खूश होतात. ताई तो पर्याय वापरत नाही. गिऱ्हाइकाला ती चहा देते. बॅलन्सिंगचा खर्च म्हणजे साखर-पत्ती, असा तिचा हिशेब आहे.

वरच्या टोकाची ही कथा, तशीच खालच्या टोकाची. उडताना सहा सेल एकाच वेगानं रिकामे होतात, पण सगळ्यात दुबळा सेल आधी तळ गाठतो. बाकीचे पाच अजून ताजेतवाने असले तरी उपयोग नाही, पॅकचा दम तेवढाच जेवढा त्या सहाव्याचा. तो तीन व्होल्टच्या खाली ओढला गेला तर आतून कायमचा बिघडतो, आणि मग तो पुन्हा चार्ज करणं हेच धोक्याचं होतं. म्हणून ड्रोन पपईच्या मध्यावर असला तरी इशारा आला की ताई त्याला परत बोलावते. शेतमालकाला वाटतं, पैसे घेऊन अर्धंच रान फवारलं.

जुन्या पॅकची गिऱ्हाइकंही येतात. एक गृहस्थ शेताच्या झोपडीत दिवा लावायला एक बाद पॅक मागायला आले. मीटरचे दोन काटे जाड तारांना टेकवले, २२.२ आलं. “लेबलवर लिहिलंय तेवढंच! हा तर ठणठणीत आहे!” ताईनं पांढऱ्या प्लगला तो छोटा मोजणारा डबा लावला. ३.८०, ३.८०, ३.८०, ३.८०, ३.८०, ३.२०. गृहस्थ म्हणाले, सरासरी तर बरोबर येते ना? हेच गृहस्थ सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडा घेताना त्याचं तोंड उघडून एकेक दात बघतात, चारही पाय उचलून खूर बघतात. घोड्याची सरासरी त्यांना चालत नाही. ताईनं पॅक दिला नाही. चहा दिला.

ताईकडे एक वही आहे. बचत गटाचीच, लाल पुठ्ठ्याची, रेघांची. प्रत्येक पॅकला एक पान, पानावर सहा रकाने, प्रत्येक चार्जिंगनंतर सहा आकडे. ही वही सगळ्यात आधी पटली ती आबांना. ज्यांना बॅटरी कळली नव्हती त्यांना रकाने कळले. एका दुपारी चष्मा लावून त्यांनी एका पानाच्या डोक्यावर १ ते ६ च्या जागी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी.

“सहा,” आबा म्हणाले. “बरोबर सहा.”

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून हा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा कोणी बॅटरीचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण पॅक अगदी नियमाप्रमाणे बांधलेला आहे. तापीकाठचे सेल भरलेले. पाणी, केळी, पपई, साखर कारखाना. नवापूर रेल्वेवर, आणि त्याचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, म्हणजे एका सेलला दोन चार्जर. आणि सातपुड्यातले अक्कलकुवा, अक्राणी, जिथे पावसाळ्यात दवाखाना गाठायचा तर अजूनही कुठे झोळी, कुठे बोट. जिल्ह्याच्या बैठकीत आकडा वाचला जातो तो मात्र जाड तारांवरचा. एकूण इतके टक्के. टाळ्या.

राज्याच्या पातळीवरही तेच. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात राज्याचा निर्देशांक ०.७५२ होता. ठणठणीत. आत मुंबई ०.८४१ आणि नंदुरबार ०.६०४, सगळ्यात खाली. पाच सेलांचं सुख आणि सहाव्याचं दुःख यांची बेरीज केली की ते दुःख आकड्यात सापडत नाही, हा काही विजेच्या शास्त्राचा शोध नव्हे.

पांढरा प्लग जोडायचा प्रयत्न झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. देशातल्या प्रत्येक सेलला स्वतंत्र तार जोडायची सुरुवात या जिल्ह्यातून झाली, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. फक्त बारीक तारेचं काम मोजायचं असतं. भरायचं काम जाड तारेचं. नुसता पांढरा प्लग लावून ठेवला तर सेल भरत नाही, तो किती रिकामा आहे ते मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत कळतं.

एकदा तर सगळ्यात खालच्या सेलनं स्वतःच स्वतःला भरून घेतलं होतं. अक्राणीतल्या बिलगावला २००३ मध्ये केरळच्या तरुण अभियंत्यांनी आणि गावकऱ्यांनी श्रमदानातून ओढ्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचा वीज प्रकल्प उभा केला. घराघरात दिवे लागले. काही वर्षांतच तो सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. त्या धरणाची वीजक्षमता १,४५० मेगावॅट आणि त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. एकूण बेरीज किती वाढली बघा! १५ किलोवॅट बुडालेले त्या आकड्यात शोधायला दशांश चिन्हापुढे बरंच लांब जावं लागेल.

२०१८ मध्ये दिल्लीनं देशभरातले मागे पडलेले जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून चार : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. त्यांना नाव दिलं आकांक्षित. ताईच्या चार्जरवर असा सेल लाल दिसतो आणि चार्जर त्याला कोणतंही सुंदर नाव देत नाही. पण त्याच्याकडे एक गुण आहे जो कुठल्याही नियोजन बैठकीत मला दिसलेला नाही : शेवटचा सेल पोचेपर्यंत तो ‘फुल्ल’ म्हणत नाही. गिऱ्हाईक ओरडो, सरपंच येवो, तो ९९ वर बसून राहतो. आपल्याकडे ९८ ला फटाके वाजतात आणि उरलेल्या दोन टक्क्यांना पुढच्या योजनेत घेतलं जातं.

हे सगळं मी ओट्यावर बसून आवेशानं बोललो. शेंगा सोलणाऱ्या बायका गप्प. आबांनी वही मिटली.

“म्हंजे मुंबईले खाले आनानं?”

“नाही आबा,” ताई म्हणाली. “चार्जर वरच्याला मारत नाही. जरा थांबवतो, तेवढ्यात खालचा येऊन मिळतो.”

“मंग लाव ना येले बी तुन्ह्या चार्जरले. सगळा महाराष्ट्र.”

ताईनं आबांकडे बघितलं, चार्जरकडे बघितलं, आणि गंभीरपणे हिशेब केला. “जिल्हे ३६ आहेत, आबा. माझ्या चार्जरला जागा बाराच.” मग पुढचा पॅक उचलत म्हणाली, “आणि मुंबईला ९९ वर थांबवायचं म्हटलं, तर चहा किती करावा लागंल?”